चौकशीचा फोन

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत जिथून म्हणून धूर निघतो, तिथे माझ्या मित्राच्या मुलीचं वैयक्तिक भांडण आहे. धूर कचऱ्याचा असो, बंबाचा असो नाहीतर कुणाच्या विडीचा, तिच्या नाकाला तो नीरा नदीच्या पलीकडूनही कळतो. भोरात आमची घरं समोरासमोर. मी परसात जाऊन चोरून विडी पेटवली की खिडकीतून आवाज यायचा, "काका, दिसत नाही म्हणजे वास येत नाही असं नाही हं!" गल्लीत सकाळी पाचोळा पेटवायची सोयच राहिली नव्हती. काडी ओढायचा अवकाश, ही बादली घेऊन हजर. एकदा तर पाचोळ्यासोबत तिने शेजारी वाळत घातलेले पापडही विझवले. भरपाई म्हणून नवे पापड लाटायला स्वतः बसली, आणि ते पापड असे काही झाले की त्या घरच्या बाईंनी पुन्हा कधी पाचोळा जाळला नाही.

तिने पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलं. तिचा बाप, म्हणजे माझा मित्र, कौतुकाने सांगायचा, "पोरगी हवेची डॉक्टर झाली. पेशंट लई मोठा हाय, पण फी कोण देणार?" हा प्रश्न विनोदाचा राहिला नाही. ती मुलाखतींना जायची आणि हात हलवत परत यायची. एका कारखान्यात तिला सांगितलं, धुराडं स्वच्छ आहे असा दाखला तयार करायचा. ही म्हणाली, "आधी शिडी द्या, वर चढून बघते." पुण्यातल्या एका कार्यालयात तापमानवाढीवर अहवाल लिहायचं काम होतं. तिथल्या साहेबांना हिने विचारलं, "मग ही खोली एवढी गार कशाला केलीय?" साहेबांनी खोली तशीच ठेवली आणि हिला बाहेर पाठवलं. प्रत्येक वेळी ती आधी माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि सगळं नकलांसकट सांगायची. मी पोट धरून हसायचो. घरी मात्र कुणी हसत नव्हतं. "दिवाळीपतूर नोकरी लागली तर लागली," असं तिच्या आईने बजावलं होतं, "न्हाईतर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं. लई झालं आता."

माघ-फाल्गुनात डोंगरउतारांवरचं वाळकं गवत पेटवायची आमच्याकडे जुनी रीत. गवत जाळलं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं, अशी लोकांची समजूत. त्या दिवसांत ही पहाटेच्या एसटीने वेल्ह्याला जायची, हिरवी फांदी तोडून वणवा झोडपायची आणि पेटवणाऱ्यांशी तावातावाने वाद घालायची. वाद संपला की त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी खाऊन यायची. एकदा परत आली ती भुवया जळून. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, रविवारी पावणे बघायला यायचेत, आन् तू भुवया कुठं सोडून आलीस?"

अशा मुलीसाठीच जणू एक जागा निघाली. पुण्याच्या एका संस्थेला वेल्ह्याच्या डोंगरात गावोगाव हिंडून लोकांना वणवे लावण्यापासून परावृत्त करणारं माणूस हवं होतं. या मुलाखतीहून ती पहिल्यांदाच न भांडता परतली. "काका, तुमचा नंबर दिलाय. फोन करून विचारतील माझ्याबद्दल." मी मान डोलावली. पण त्याच आठवड्यात तिची आईही येऊन गेली होती. "भावजी, एका स्थळाला तुमचा नंबर दिलाय. चौकशीचा फोन यील. जरा जपून बोला, तिचं खूळ सांगू नगा." माझ्या म्हाताऱ्या डोक्यात आईचाच निरोप पक्का बसला. आमच्याकडे चौकशीचा फोन म्हणजे स्थळाचाच.

फोन आला. बाईंचा आवाज मोठा अदबीचा होता. त्यांनी संस्थेचं नाव सांगितलंही असेल, पण मला ते वधूवर मंडळच वाटलं.

"मुलीबद्दल थोडं विचारायचं होतं. फिरायची तयारी कितपत आहे?"

"छे हो! घरात रमणारी आहे. वेल्हं कुठल्या दिशेला आहे ते विचारा, सांगता यायचं नाही."

"आणि लोकांशी मतभेद झाले तर?"

"तोंडातून शब्द निघायचा नाही. खाली मान घालून ऐकून घेते."

"कामात टिकून राहतील ना?"

"त्याची काळजीच सोडा. नोकरी लागली तरी तुम्ही म्हणाल त्या दिवशी सोडेल!"

मग त्या "आभारी आहे" म्हणाल्या. मुलगी पसंत पडली असं समजून मी बायकोकडून चहा करून घेतला.

चार दिवसांनी ती ओट्यावर आली. "काका, त्यांना फिरणारी, बोलणारी मुलगी हवी आहे म्हणे. मी नको." तेव्हा मला कळलं, तो फोन स्थळाचा नव्हता, नोकरीचा होता. तरी मी गप्प बसलो. गल्लीत बातमी झाली की ही पुन्हा भांडली, तोंडाने नोकरी घालवली. मी तीही ऐकून घेतली. आणि वाईट म्हणजे तिचाही त्यावर विश्वास बसला. "काका, मी जास्त बोलले का हो त्यांच्याशी?" असं मला पुन्हा पुन्हा विचारायची. पुढे विचारणंही थांबलं. मग एका सकाळी कुणीतरी कोपऱ्यावर पाचोळा पेटवला. धूर गल्लीभर पसरला, मी समोर बघत राहिलो, आणि खिडकी उघडलीच नाही.

त्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेलो आणि तिच्या आईसमोर तिला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "भावजी, म्याच सांगितलं व्हतं तसं बोलायला." पोरगी मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "एकूण एक उलटं सांगितलंत, काका. म्हणजे मी कशी आहे ते तुम्हाला नीट माहीत होतं. मग ते सांगायची लाज का वाटली?"

मी तसाच घरी आलो. पुण्याला फोन लावून त्या बाईंना खरं सांगितलं, पण जागा भरली होती. पुन्हा निघाली तर कळवू म्हणाल्या. तिच्या आईकडे मी पदर पसरावा तशी मुदत मागितली. ती माउली म्हणाली, "फुडच्या दिवाळीपतूर. तुमच्याकडं बघून."

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की मी समोरच्याला बोलूच देत नाही. "मुलगी भयंकर हट्टी आहे, घरात क्षणभर टिकत नाही, चूक दिसली तर कलेक्टरशीही भांडेल," असं एका दमात सांगून टाकतो. परवा एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला विमा काढायचाय का?"

आज ती पहाटेच वेल्ह्याच्या गाडीने गेली आहे, बिनपगारी. जाताना हाक मारून गेली नाही, पूर्वी मारायची. संध्याकाळी गाडी यायच्या वेळेला मी ओट्यावर बसतो. समोर अंधार पडत जातो, आणि तिच्या घरातला दिवा लागेपर्यंत मला आत जाववत नाही.