मीटिंगच्या पाठचा पडदा

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक, लोक न्यायला विसरलेले पासपोर्ट फोटो. आणि दुसरी, किस्से. फोटो मी वर्षातून एकदा ड्रॉवर उपडा करून टाकून देते. किश्श्यांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही, म्हणून सांगत सुटते. आमच्याकडे चहाला आलात तर एखादा ऐकल्याशिवाय सुटका नाही!

आमचा स्टुडिओ शहापूरला. बाबांनी काढलेला, आता मी चालवते. बाबांच्या काळापासून आमच्याकडे वसंतकाका आहेत, पडदे रंगवणारे. या भागातल्या कुणाच्याही घरी लग्नानंतरचा जुना जोडफोटो बघा. नवरानवरीच्या मागचा धबधबा, हंस आणि कुठेच न जाणारा जिना आमच्या काकांचा असतो. काका त्याला पडदा वगैरे म्हणत नाहीत. नुसतं "पाठचं" म्हणतात.

मग घरून काम करायचे दिवस आले. मीटिंगा लॅपटॉपवर व्हायला लागल्या आणि लोकांच्या एकदम लक्षात आलं की आपल्या पाठीमागेही काहीतरी असतं! भाताची कणगी असते, वाळत घातलेले परकर असतात, खुडूक कोंबडी असते. मग जो तो फुकटात मिळणारी बॅकग्राउंडं लावायला लागला. समुद्रकिनारे काय, पुस्तकांची कपाटं काय!

मी एकदा काकांना ती दाखवली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ह्या कपाटातलं एक पण पुस्तक कुणी हाताळल्यालं नाय. ह्याच्यापुढं माणूस आपल्याच घरात पावना वाटतो."

तिथून आमचा नवा धंदा सुरू झाला. काका कापडावर रंगवणार, मी त्याचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर साफ करून गिऱ्हाइकाला पाठवणार. मी म्हटलं होतं, हाताने रंगवलेलं हल्ली कोण घेतंय! सपशेल चुकले.

*

पहिलं गिऱ्हाईक खर्डीचा महेश. मुंबईच्या एका कंपनीत कामाला, पण बसणार खर्डीच्या घरात. त्याला "ऑफिससारखं पण घरगुती" काहीतरी हवं होतं. काकांनी एक स्वच्छ भिंत काढली आणि भिंतीला खिडकी. खिडकीतून सकाळचं ऊन आत येतंय. इतकं कोवळं ऊन, की मीसुद्धा घटकाभर बघत राहिले.

आठ दिवसांत महेश परत आला. "काका, घोटाळा झाला. संध्याकाळी सातची मीटिंग होती. साहेब विचारतो, तुमच्या गावात सूर्य मावळत नाही का?"

काकांना ते पटलं. त्यांनी त्याच खिडकीची आणखी तीन चित्रं काढली. दुपार, संध्याकाळ आणि रात्र. रात्रीच्या खिडकीत तर त्यांनी लांबच्या डोंगरावर एक दिवा पण ठेवला. महेश खूश. वेळ बघून खिडकी बदलायचा.

एका दुपारी घाईत त्याने चुकून रात्रीची लावली. लक्षात आल्यावर दुसरं बटण दाबलं, तर सकाळ! साहेबाने बोलता बोलता मान वर केली, जरा वेळ खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "फारच लांबली का आज मीटिंग? चला, थांबू या!"

*

काकांच्या थोरल्या बहिणीबद्दल आधीच सांगायला हवं, कारण स्टुडिओतली अर्धी खुर्ची तिची आहे. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. यजमान गेल्यापासून ती काकांकडेच असते. दुपारी डबा घेऊन यायची आणि काकांचं नवीन पाठचं बघून ठरलेलं एकच वाक्य म्हणायची, "बरा हाय. पन आपलं जुनं गाव कदी काढशील?"

जुनं गाव म्हणजे धरणात गेलेलं. त्याचं नाव आता नव्या वस्तीला दिलंय, म्हणून पाण्याखालच्या गावाला सगळे नुसतं जुनं गाव म्हणतात. ताईच्या माहेरचं घर सोडून चौदा घरं होती. कुणाकडे एकही फोटो नाही. गाव उठलं तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती आणि काका तीन वर्षांचे, तिच्या कडेवर. त्यांना काहीच आठवत नाही.

त्यात ताईला काचबिंदू झाला. नजर कडेकडून मिटत चाललेली. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे तीही किती टिकेल सांगता येत नाही. तेव्हापासून ताई ते वाक्य रोज म्हणायला लागली. तिला तिच्या वडिलांच्या घराचं दार एकदा बघायचं होतं. बाकी काही नको.

मी काकांवर चिडले. जगभरचं काढता, मग हे का नाही?

काका ब्रश धूत होते. म्हणाले, "चुकीचं काडलं तर? ती माझंच चित्र खरं धरंल गो. मंग तिच्या डोक्यात हाय ते गाव पन जाईल."



*

मुरबाडच्या एक शिक्षिका होत्या, पाटीलबाई. ऑनलाइन वर्गासाठी पाठीमागे महाराष्ट्राचा नकाशा हवा होता. काकांनी सुरेख काढला. नद्या निळ्या, सह्याद्री तपकिरी.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "काका, सगळं उलटं दिसतंय. समुद्र उजवीकडे गेलाय!"

आता यातली गंमत अशी की या मीटिंगांमध्ये आपल्याला आपलं चित्र आरशासारखं दिसतं, समोरच्यांना मात्र सरळ दिसतं. हे मला ठाऊक होतं. पण मी त्या दिवशी कल्याणला गेले होते, आणि काकांनी गिऱ्हाइकाचा शब्द झेलायचा म्हणून अख्खा नकाशा पुन्हा रंगवला. उलटा! बाईंना त्यांच्या पडद्यावर तो अगदी बरोबर दिसला.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण. तालुक्यातले सगळे गुरुजी हजर. साहेबांनी बाईंना थांबवलं. "मॅडम, तुमच्या नकाशात समुद्र विदर्भाच्या बाजूला कसा?"

बाईंनी मागे वळून बघितलं. मागे अर्थातच त्यांच्या स्वयंपाकघराचं दार होतं. पण बाई मुरबाडच्या, डगमगणार नाहीत. म्हणाल्या, "सर, समुद्र नेहमी आपल्याच बाजूला का म्हणून? तिकडच्या पोरांनी कधी बघायचा?"

*

शेणव्याच्या जवळच्या पाड्यावरचा किसन. बी.कॉम. झालेला, नोकरीच्या शोधात. ऑनलाइन मुलाखत ठरली आणि तो धावत आला. त्याचा लॅपटॉप जुना, आमचं पाठचं त्यावर धड बसेना. किसनचे कान सारखे गायब व्हायचे. मी त्याला सांगितलं, पाठीमागे सपाट हिरवा कपडा लाव, म्हणजे मशीनला माणूस कुठे संपतो ते कळतं.

किसनला घरात हिरवा कपडा सापडला नाही. पण भाद्रपद चालू होता. त्याने खुर्ची उचलली आणि भाताच्या खाचराच्या बांधावर, शेताकडे पाठ करून बसला. हिरवंच पाहिजे ना? मग यापेक्षा हिरवं काय असतं!

आणि काय सांगू, चाललं की ते! काकांनी रंगवलेलं ऑफिस भातावर जवळजवळ नीट बसलं. पाच मिनिटांनी वारा सुटला. भात डोलायला लागला, त्याबरोबर ऑफिस डोलायला लागलं. भिंत हलली, टेबल हललं, टेबलावरची फुलदाणी लाटेसारखी खालीवर झाली. मध्ये किसन स्थिर बसून आपल्या आवडीनिवडी सांगतोय.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "तुम्ही बोटीवर आहात का?"

"नाय मॅडम, शेणव्याला हाय. वारा सुटलाय."

नोकरी लागली त्याला. पेढे द्यायला आला तेव्हा काकांनी फक्त एवढंच विचारलं, "फुलदाणी पडली तर नाय ना?"

*

शेवटी काकांना जुनं गाव काढायला लावलं ते ताईच्या डब्याने. एका दुपारी तिने डबा टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि टेबलाच्या कडेबाहेर सोडून दिला. भाकरी, वांग्याची भाजी, सगळं जमिनीवर. ताई हसली आणि खाली बसून चाचपडत गोळा करायला लागली. काका हसले नाहीत. जेवलेही नाहीत. तिला म्हणाले, "ताय, उठ. डोळे मिट आणि दारातनं हिरीवर चालून दाखव."

मी टेबल सरकवलं. ताईने डोळे मिटले, एक हात कमरेवर घेतला, तिथे कळशी असल्यासारखा, आणि आमच्या स्टुडिओतून चालायला लागली. कुठे पाय उचलून टाकायची, कुठे अंग चोरायची. काका मागून खडूने फरशीवर खुणा करत होते. मला खरंच वाटलं, आता बाहेर पडले तर शहापूरचा रस्ता नसेल.

एवढ्यात ताई लाइटच्या स्टँडला धडकली. डोळे मिटलेलेच. कपाळ चोळत कडाडली, "हितं कुनी बांदलं रं घर? आमच्या टायमाला नव्हतं!"

*

पण एकटीच्या आठवणीवर काका विसंबणार नव्हते. जुन्या गावची चौदा घरं आता खर्डी, मुरबाड, कल्याण अशी पांगलेली. देवीच्या उत्सवासाठी महिन्यातून एकदा त्यांची लॅपटॉपवर मीटिंग होते. काकांनी तिथे विषय काढला. प्रत्येक घरातलं जुनं माणूस बोलू दे, आणि सगळ्यांनी "हेच" म्हटल्याशिवाय ताईला दाखवायचं नाही, असं ठरवलं.

दोन महिने नुसता गोंधळ! विहिरीवर एकमत झालं, वाटेवर झालं, ताईच्या निळ्या दारावर तर लगेच झालं. अडलं ते चिंचेवर. गावात चिंच एकच होती, पण प्रत्येकाला ती आपल्याच दारात आठवत होती. मुरबाडचे गणपतदादा तर हट्टालाच पेटले. "आमच्याच दारात होती! मी पडलोय तिच्यावरनं. हा बघा हात!" त्यांनी वाकडा हात कॅमेऱ्याला लावला. खर्डीच्या सखूवहिनींनी लगेच आपला गुडघा दाखवला. त्याही पडलेल्या, त्यांच्या दारातल्या चिंचेवरून!

काका आठवडाभर कापडापुढे बसून होते. मग त्यांनी काढलं. चिंच कुठेच नाही. नुसती सावली, अख्ख्या गल्लीभर, चौदाही दारांत सारखी. झाड चित्राच्या बाहेर.

चौदा घरांतून चौदा निरोप आले. "हेच."

*

आता शेवटचा.

पुढच्या मीटिंगला सगळ्यांनी तेच पाठचं लावून बसायचं आणि ताईला तिथेच पहिल्यांदा दाखवायचं, असं ठरलं. मी स्टुडिओतला मोठा टीव्ही जोडला. काकांनी ताईला समोर आणून बसवलं. चौदा चौकोन उघडले. चौदा वेळा तीच वाट, तीच विहीर, तीच सावली, आणि सावलीत एकेक ओळखीचं माणूस. सगळी आपापल्या घरी बसलेली आणि सगळी एकाच गल्लीत.

आणि त्याच क्षणी आमची चूक माझ्या लक्षात आली. पाठचं रंगवताना मधली जागा कायम मोकळी सोडायची असते. मध्ये माणूस येतो. काकांनी आयुष्यभर ती सोडली होती. पण ताईला मधलंच तेवढं दिसतं, म्हणून त्यांनी तिचं निळं दार बरोबर मधोमध काढलं होतं. आता प्रत्येक चौकोनात त्या दारावर एक डोकं होतं. काकांकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते.

ताई पुढे झुकली. एका चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, हळूहळू नजर नेत गेली. मग म्हणाली, "सगळी आमच्याच दारात येऊन बसलीत कं?"



"ए गणपत, जरा सर रं. दार दिसत नाय."

मुरबाडला गणपतदादांनी आपली खुर्ची बाजूला घेतली. त्यांच्या चौकोनात दार दिसायला लागलं. मग सखूवहिनी उठल्या. मग कल्याणचे, मग वस्तीवरचे, एकेक करून सगळे कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाले. टीव्हीवर एकही माणूस उरला नाही. चौदा गल्ल्या, चौदा सावल्या, आणि मधोमध चौदा निळी दारं.

ताई बराच वेळ बघत राहिली. मग खुर्चीवरून उठली, पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या.