झाडाखालची जागा

करावे गावच्या मावशी आलेलं गिऱ्हाईक हाकलून देत. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर त्या आणि त्यांच्याच गावच्या चौघी जणी मासळी घेऊन बसत. आपले तीन-चार वाटे खपले की मावशी टोपलीवर फडकं टाकत आणि म्हणत, "बाय, आता पलीकडं जा. तिची भवानी पन नाय झाली."

"पण मला तुमचीच कोळंबी हवीय," मी हट्ट धरायचे.

"खाडी एकच हाय. कोलंबी वेगली कशी असंल?"

गेटजवळ बदामाचं एक झाड आहे. त्याची सावली जेमतेम एकीला पुरे, आणि बाहेर पडणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. ती जागा रोज एकीची. आज जी सावलीत, ती उद्या टोकाला उन्हात. दुपारी उठताना पाचही टोपल्यांतलं उरलेलं एकत्र करायचं आणि सारखं वाटून घरी न्यायचं.

म्हणून मावशी फार गोड होत्या असं समजू नका. घासाघीस करणाऱ्याची त्या भर रस्त्यात बिनपाण्याने करत. शेजारणींशीही त्यांचं वाजायचं. एकदा चौघींतल्या सखूशी आठवडाभर अबोला होता. पण वाटणीच्या वेळी तिच्यापुढे चिंबोऱ्या न बोलता, नीट सारख्या टाकल्या जायच्या.

मग कमिटीने फुटपाथ मोकळा करायचं ठरवलं. मासळीवाली एकच बसेल, असा ठराव झाला. मावशी सगळ्यांच्या लाडक्या, म्हणून पास त्यांच्या नावाचा निघाला, मोबाइलवर काढलेल्या फोटोसकट. झाडाखालची जागा आता कायमची त्यांची. गुडघ्यांनी त्या बेजार झाल्या होत्या, त्यात सुनेचं बाळंतपण तोंडावर. मला मनापासून आनंद झाला. सेक्रेटरी पास द्यायला गेले तेव्हा मीही हौसेने सोबत गेले.

मावशींनी फोटो निरखून पाहिला. "बरा आलाय," म्हणाल्या. पास परत दिला, टोपली डोक्यावर घेतली आणि चौघींबरोबर चालू लागल्या.

त्या पाचही जणी मग स्टेशनपलीकडच्या रस्त्यावर बसू लागल्या. तिथे नुसती धूळ आणि ऊन. गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. सून महिनाभर धड बोलली नाही, हे मावशींनीच मला सांगितलं. मी जमेल तशी जात राहिले.

गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्यापासून येत नाय, बाय. पाय ऐकत नाय आता."

मला राहवलं नाही, विचारलंच, "मावशी, तो पास नाकारल्याचा कधी पस्तावा नाही झाला?"

"झाला तं! गुडघं ठनकलं का रोज होतो." त्यांनी कोयता धुतला, फडक्याला पुसला. "पन घरी जायची वाट एकच हाय ना. चौघींची घरं माज्या घराआधी लागतात."