तोंडात गरम होणारी तार

माझं तोंड आधीच फटकळ, त्यात चंडीगढचा जानेवारी. नव्वदच्या दशकाचा शेवट होता आणि तिथल्या एका हॉस्पिटलात किरणोपचाराची मात्रा मोजायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर धुकं, आत मशीनच्या खोलीत हीटर नाही. मी दिवसभर कावलेलीच असायची.

त्या वर्षी मात्रा मोजायला परदेशातून नवं यंत्र आलं. बारीक तार आणि तिच्या टोकाला तांदळाएवढं प्लॅस्टिक. किरण पडले की ते चमकतं, आणि चमक मोजली की मात्रा कळते. परदेशी माल चुकत नाही, अशी तेव्हा आम्हा सगळ्यांचीच श्रद्धा. जुन्या यंत्रासाठी मी रोज मोजणीच्या टाकीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून तापमानाप्रमाणे हिशेब दुरुस्त करायची. नव्यासाठी? छे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

जवळच्या खरड गावातल्या शाळेच्या एक मास्तरीणबाई उपचाराला यायच्या. गालाच्या आत कॅन्सर होता. तार त्यांच्या गालाशी ठेवून आम्ही मात्रा मोजायचो. सकाळी टाकीच्या पाण्यात आकडा अगदी बरोबर, आणि बाईंच्या तोंडात मात्र सलग चार दिवस शंभराला पंच्याण्णव. खरंच कमी पडत असेल तर आजार मागे उरणार. आमचे डॉक्टर म्हणाले, उद्यापासून तेवढी वाढवा. मी मात्रा वाढवायची चिठ्ठी लिहून सही केली. पण आकडाच खोटा असला तर बिचारीचं तोंड उगीच जास्त भाजणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी तार ठेवताना बाई पुन्हा काहीतरी सांगायला लागल्या.

"बोलिए मत, तार हिलती है," मी खेकसले.

पण मास्तरीणच ती. तार हाताने बाजूला करून म्हणाल्या, "मॅडमजी, ये पहले बर्फ लगती है, फिर मुँह में गरम हो जाती है."

सकाळी त्याच टाकीच्या पाण्यात माझी बोटं बधिर झाली होती.

बाईंना बाहेर बसवलं. कँटीनमधून गरम पाण्याची किटली आणवली. दोन सारखे डबे घेतले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात अंगाइतकं कोमट. तार बुडवून मशीनखाली आळीपाळीने एकाच जागी ठेवले. गार पाण्यात शंभर, कोमट पाण्यात पंच्याण्णव. परत केलं, परत तेच. प्लॅस्टिक गरम झालं की कमी चमकत होतं, एवढंच. मात्रा चारही दिवस बरोबर पडली होती. माझा जीव भांड्यात पडला. थर्मामीटर रोज हातात होता माझ्या, काखेत कळसा म्हणतात तो हाच.

डॉक्टरांनी स्वतः एकदा करून बघितलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर फाडली.

बाहेर जाऊन बाईंना सगळं सांगितलं. माझीच चूक होती, हेही सांगितलं. त्या शालीत हात घालून बसल्या होत्या.

"चार दिन से यही तो बता रही थी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तार कोमट पाण्यात तपासायची आणि हातात घेतली की आधी विचारायचं, कुछ बताना है जी? बाई मान हलवून म्हणायच्या, आज नहीं, आज सब ठीक है.