तीन तक्रारींची अट

जावा बेटावरच्या सेमारांग शहरात, बंदराच्या अंगाला, आम्ही बारा जण दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस बनवायचो. जावाभरच्या एक्केचाळीस दवाखान्यांत तो चालायचा. बाहेरच्या कॉम्प्युटरनं त्याच्याशी कुठल्या रीतीनं बोलायचं हे ठरलेलं असतं, आणि दर काही वर्षांनी जगात नवी रीत निघते. ती आपण कधी घ्यायची, हे एकटा पाक तुमिजान ठरवायचा. आमच्याकडं थोरल्या माणसाला मानानं 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.

साठीला टेकलेला, वाळल्या खोडासारखा माणूस. मागं एकदा घाई करून त्यानं नवी रीत घातली, तर अकरा दवाखान्यांची जुनी यंत्रं मुकी झाली. चार दिवस फटफटीवर गावोगाव फिरून त्यानं ती बोलती केली. तेव्हापासून त्याची अट एकच: तीन गिऱ्हाइकांची तक्रार आली तरच नव्याला हात लावायचा.

"पाक, पाच वर्सं झाली," मी म्हणायचो. "नवे कॉम्प्युटर जुनी रीत बोलतच न्हाईत आता."

"तक्रार आली का कुणाची?"

"न्हाई."

"मग? पोट दुखायच्या आधीच ओवा खाणारा गडी तू."

तक्रार येणार कुठून? आमच्या मुलखात थोरल्याला अडचण सांगणं म्हणजे त्याच्या अंगणात घाण टाकणं. दवाखानेवाले यायचे, केळ्याचे काप द्यायचे, "समदं ब्येस हाय" म्हणून जायचे. भीड भिकेची बहीण खरी, पण आमच्यात तिला मानाचं पान.

डोंगरातल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीला नवा कॉम्प्युटर आला. तो आमच्या डेटाबेसशी बोलेना. रक्तपेढी सांभाळणारी बू पार्याती रोज सकाळी जुन्या यंत्रावरनं शिल्लक रक्ताची यादी छापायची आणि त्या खोलीच्या दारावर चिकटवायची. दोन वर्षं चिकटवली. आम्हाला एका शब्दानं बोलली नाही.

एका मंगळवारी दुपारी ट्रक उलटला आणि दुर्मिळ गटाच्या रक्ताच्या होत्या त्या दोन्ही पिशव्या ड्रायव्हरला लागल्या. दारावर सकाळचीच यादी. संध्याकाळी ङातिनेम नावाच्या, त्याच गटाच्या बाळंतिणीला रक्त जायला लागलं. दारावरच्या यादीत दोन पिशव्या दिसताहेत म्हणून डॉक्टरानं तिला शहरात धाडली नाही. कपाट उघडलं तर रिकामं. पोर जगलं, ती गेली.

कळल्यावर पाक तुमिजान फोन घेऊन बसला. एकेका दवाखान्याला एकच विचारायचा, "नवी यंत्रं आलीत का? चालत्यात का?"

"आलीत की. चालत न्हाईत. आमी वहीत लिवतो."

"आन् सांगितलं का न्हाई?"

"तुमच्यासारख्या थोर माणसाला कशापायी तरास?"

असे सतरा निघाले. एकोणीस दिवसांत त्यानं नवी रीत घातली, जुनी न मोडता. मग मला म्हणाला, "गाडी काढ."

यादी चुकली असा ठपका ठेवून बू पार्यातीला दवाखान्यानं कामावरनं काढलं होतं. कोबीच्या वाफ्यात ती तण उपटत होती. आम्हाला बघून आधी चहा टाकायला धावली.

"बू, चूक माझी हाय," पाक म्हणाला. "मी तसं लिवूनच आणलंय. दवाखान्यात देतो."

"नगा हो, पाक! सायबांनी माजं नाव घालून कागुद वर धाडलाय. तुमी उलटं लिवलं तर त्यांची मान खाली."

"आन् तुमची?"

"माजी तर खालीच असती." ती हसली. "माफी मलाच मागाय पायजे. तुमाला एवढ्या लांब यावं लागलं."

चहा झाला. वाटेत दवाखाना लागला. मी गाडी हळू केली. पाकचा हात खिशातल्या कागदावर होता. तो समोर बघत राहिला.

उतर, दे तो कागद, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण थोरला माणूस. मी गाडी पुढं काढली.