लोखंडी कपाटातलं लोकेशन

परवा शनिवारी मी दापोड्याच्या एका गोडाऊनच्या गेटवर दहा मिनिटं घड्याळ लावून उभी होते. माझा चांगला चालणारा फोन वॉचमनच्या लोखंडी कपाटात बंद होता... मीच ठेवायला दिला होता.

माझी आत्या त्या गोडाऊनमध्ये सात वर्षं पॅकिंग करते. दोन महिन्यांपूर्वी तिथे हजेरीचं नवं ॲप आलं. फोन शिफ्टभर लोकेशन पाठवतो, त्यावरून माणूस कामावर आहे की बाहेर गेला ते ठरतं. आत्याच्या नावापुढे रोज एकच ओळ येऊ लागली: 'कर्मचाऱ्याने लोकेशन बंद केले.'

गुरुवारी सुपरवायझरने तिच्यापुढे छापील माफीनामा ठेवला. 'ड्युटीच्या वेळेत मी लोकेशन बंद करून बाहेर गेले, पुन्हा असं करणार नाही.' सही केली तर वॉर्निंग, नाही केली तर सोमवारपासून गेटवर कार्ड चालणार नाही.

आत्याने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि शिफ्ट सुटल्यावर तडक भिवंडीत आमच्याकडे आली. "जे केलाच न्हाय, ते लिहून कशाला देऊ?"

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम. तरी तिचा फोन हातात घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, "तू काय दाबलंस?"

"कायच न्हाय दाबला."

मग सेटिंग्ज. लोकेशन चालू. ॲपला परवानगी 'नेहमी'ची, 'फक्त वापरताना'ची नाही. अचूक लोकेशन चालू, बॅटरी सेव्हर बंद, ॲप अपडेट केलेलं. आत्याला नाक्यापर्यंत चालवून आणलं, नकाशावरचा निळा ठिपकाही तिच्याबरोबर नाक्यापर्यंत जाऊन आला.

दोष नाही, असं टेस्टर म्हणत नाही. इथे दिसत नाही, एवढंच म्हणते. शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून तिच्याबरोबर गोडाऊनवर गेले.

सुपरवायझर गेटवरच भेटला. "मॅडम, लेडीजचं हे रोजचंच आहे. बोट कुठेतरी लागतं आणि बंद होतं. जेन्ट्सचा एक पण प्रॉब्लेम नाही, बघा." त्याने यादी पुढे केली.

यादी खरी होती. सहा नावं, सहाही बायकांची... आणि तिथे काम करणाऱ्या बायका सहाच. बाकीच्या पाच जणींनी आधीच माफीनाम्यावर सह्या केल्या होत्या. मला राग आला तो इथे. फोन बाईचा की पुरुषाचा, हे सॅटेलाइटला कळत नाही. मग सहाच्या सहा बायकाच कशा? दोन महिन्यांत हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता.

मी बाजूला उभी राहून बघत राहिले. आत फोन नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे गेटवर जमा होतात. म्हणजे ॲप हजेरी घेत होतं ती गेटवरच्या फोनची. पुरुषांनी आपापले फोन केबिनच्या खिडकीतल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवले. बायकांचे फोन वॉचमनचाचांनी स्वतः घेतले, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

"इसमें क्यों, चाचा?"

"लेडीज का मोबाइल है, बेटा. खुले में ठीक नहीं. कोई नंबर निकाल ले, फोटो देख ले..."

चाचा भला माणूस. कपाटही भलं, जाड पत्र्याचं.

मग मी माझ्या फोनवर लोकेशनची नोंद चालू केली, तो त्या कपाटात ठेवायला दिला आणि आत्याचा खिडकीतल्या क्रेटमध्ये. दहा मिनिटांनी ॲपवर आत्याच्या नावापुढे 'हजर' आलं होतं. माझ्या फोनमधली नोंद कपाट बंद झालं त्या मिनिटाला तुटली होती; जाड पत्र्यातून सिग्नल जातच नव्हता.

सुपरवायझरने दोन्ही फोन पाहिले. "अच्छा, असं आहे होय. मग आता खिडकीत ठेवा, झालं."

झालं? फोन तुम्ही काढून घेता, तुम्हीच पत्र्यात कोंडता, आणि तो कुठे आहे ते सांगत नाही म्हणून माफी बाईने मागायची... ॲपवाल्यांचंही तेच. 'लोकेशन मिळाले नाही' लिहायचं, तिथे 'कर्मचाऱ्याने बंद केले' लिहिलं. ते वाक्य माझ्याच क्षेत्रातल्या कुणीतरी लिहिलं, आणि कुणीतरी तपासून पास केलं.

माझ्या मते काम संपलं होतं. आत्याच्या मते नव्हतं. तिने पिशवीतून आपला बिनसहीचा माफीनामा काढून सुपरवायझरच्या हातात दिला. "हा घे. आता त्या पाच जणींच्या कागदांचा काय?"

"मावशी, ते फाइलला गेले. आता कशाला उकरता? शिफ्ट सुरू झाली."

"फाइल पळून न्हाय ना गेली? आण. मंग आम्ही आत जातो."

ती गेटवरच उभी राहिली. एकेक करून बाकीच्या पाचही तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आत पॅकिंग थांबलेलं, बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय... वीस मिनिटांनी कागद आले.

चौघींनी आपापले तिथेच फाडले. पाचवीने नाही फाडला. त्यावर सुपरवायझरकडून 'रद्द' लिहून सही घेतली आणि जपून पर्समध्ये ठेवला. घरी दाखवायचा होता. ड्युटीच्या वेळेत बाहेर कुठे जातेस, असं तिला दोन आठवडे विचारलं जात होतं.

आत जाताना आत्या वळली. "आन तू पण पहिला त्येच इचारलास हो." हसून म्हणाली, पण म्हणाली. 'तू काय दाबलंस?' हा माझाच प्रश्न होता.

कुणाचं लोकेशन चालत नसेल तर परवानगी, अचूकता, बॅटरी, सगळं जरूर तपासा. माझ्या यादीत मात्र आता त्या सगळ्याच्या वर आत्यामुळे आलेला एक प्रश्न आहे: फोन दिवसभर कुठे असतो, आणि तो तिथे कोण ठेवतं?