कोरड्या बोअरचा बहिष्कार

पोखरणला अणुस्फोट झाले त्याच उन्हाळ्यात बाबांनी बोअर घेतला. गावविहिरीच्या आसपास कुणी बोअर घ्यायचा नाही, असं मारुतीच्या पारावर गावानं ठरवलं होतं, आणि आमचं शेत तर विहिरीला लागूनच. पाणी चांगलं तीन इंच लागलं. दुसऱ्याच दिवशी गावानं आम्हाला वाळीत टाकलं.

बड्या देशांनी भारतावर निर्बंध घातल्याच्या बातम्या बाबा रेडिओचा आवाज मोठा करून ऐकत. "बघ, किती दिस टिकतंय," म्हणत. मला मात्र धडकी भरली होती. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलेलं. नवऱ्या मुलाच्या गावाहून, हट्ट्याहून, वऱ्हाड यायचं आणि मांडवात गावातलं एक माणूस नाही, हे बघून सोयरे परत फिरले तर?

आमच्याशी बोलणारा एकच माणूस होता, शेजारचा काका. आमचं मीठ-तेलसुद्धा तोच आणून द्यायचा. दिवाळीनंतर त्यानंही बाबांचं बघून विहिरीजवळच्या आपल्या तुकड्यात बोअर घेतला. नुसता फुफाटा निघाला. गावानं त्यालाही वाळीत टाकलं.

होळीच्या सुमारास गावविहिरीचा तळ दिसायला लागला. पारावर ज्यानं सगळ्यात जास्त तोंड वाजवलं होतं, त्याचीच बायको घागर घेऊन पहिल्यांदा आमच्या बोअरवर आली. "लेकरू तापानं फणफणून राहिलं. एकच घागर घेते," म्हणाली. आठवड्याभरात रांग लागली. मला त्या रांगेचा संताप येई आणि जीवही भांड्यात पडे. बहिष्कार उठला असं कुणी म्हणालंच नाही. सगळ्यांनी त्याचं नाव काढणं तेवढं सोडलं. तिकडे रेडिओवरही निर्बंध सैल होत चालले होते. एवढ्या मोठ्या बाजारावर कोण किती दिवस रुसून बसणार, असं बाबा म्हणायचे.

लग्नाला अख्खं गाव जेवलं. काका कुठे दिसेना, म्हणून मी बाबांना गाठलं. ते पंचांच्या शेजारीच बसले होते.

"बाबा, काकाला आवतण काहून न्हाई दिलं तुमी?"

"गावानं वाळीत टाकलंय त्याला," बाबा खाली बघून म्हणाले. "गावाच्या बाहेर कसं जावं?"

निघताना मी रडले, ते सासरी जायचं म्हणून, असंच सगळ्यांना वाटलं. मला बापाची लाज वाटत होती.