साधारण नऊवारी

सबंध कोल्हापुरात ‘साधारण’ या शब्दाचा इतका राग करणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा झाला नसावा. मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हेत. गल्लीतलेच शेजारी, पण आई दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायची, म्हणून मामा. पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात ते तीस वर्षं लुगडी मोजत होते. दुकानातला लोखंडी गज, म्हणजे बरोबर एक वार लांबीची पट्टी, ते रोज सकाळी सदऱ्याच्या टोकाने पुसत. ‘साधारण’ हा त्यांच्या मते शब्द नव्हता, शिवी होती. एका लग्नाच्या बैठकीत मुलीचे काका म्हणाले, मुलगी साधारण माझ्याएवढी आहे. मामा पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. “साधारण म्हंजे किती? पावणं, जरा भिंतीला टेकून उभं ऱ्हावा.” आणि त्यांनी त्या गृहस्थांना वितीने मोजलं. आपली वीत नऊ इंचांची आहे, केसभरही कमी-जास्त नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. एकदा आई म्हणाली, भात साधारण शिजलाय. तर म्हणाले, “आक्का, साधारण शिजल्याला भात म्हंजे कच्चा भात.” वडगावच्या रस्त्यावर मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, तेव्हा ते एस.टी.च्या कंडक्टरशी भांडले. “वडगाव हाय तितंच हाय की. मग आकडा का फुगला?” कंडक्टर बिचारा म्हणाला, साधारण तेवढंच अंतर आहे, मामा. मामा पुढच्या थांब्यावर उतरले आणि उरलेली वाट चालत गेले.

यावरून मामांचं मीटरशी वैर होतं असं लोकांना वाटे. ते खरं नाही. “मीटर परका हाय, पर खोटा न्हाय,” असं ते म्हणत. त्यांचा राग होता तो मीटरच्या आडून चाललेल्या लबाडीवर, आणि तो राग मला आजही रास्त वाटतो. झालं असं की, नवी मापं आली आणि इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याकडून दुकानात जी लुगडी येऊ लागली, ती नेमकी आठ मीटरची. चिठ्ठीवर मात्र ठळक छापलेलं, ‘नऊवारी’. मामांनी गज लावला. आठ वेळा पुरा पडला, नवव्या वेळी वीतभर हवेतच राहिला. त्यांनी दुसरं लुगडं उलगडलं, तिसरं उलगडलं, आणि मग सगळ्या गिऱ्हाइकांसमोर शेठना विचारलं, “ही वीत कुठं गेली?”

“मामा, वीतभर कापडानं काय आभाळ कोसळतंय का?” शेठ म्हणाले.

“शेठ, वीतभर पोटासाठीच तुमी-आमी हितं उभं हाय.”

शेठचं म्हणणं एवढंच की, वार आता कायद्यातून गेला, ‘नऊवारी’ हे नुसतं नाव उरलं. मामांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते आमच्या दारात. “भाच्या, तू कॉलेजात हायस. बघ जरा, सरकारनं वार खरंच मारलाय का.” आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ग्रंथालयात कायद्याचं पुस्तक मागायचं कसं, हेच मला कळेना. दोनदा दारातून परत आलो. तिसऱ्यांदा मागितलं आणि कोष्टकातली ती ओळ कागदावर उतरवून घेतली : एक वार म्हणजे शून्य पूर्णांक नऊ एक चार चार मीटर. मामांनी ती चार वेळा वाचायला लावली. “म्हंजे मेला न्हाय. मोजून ठेवलाय,” ते म्हणाले. “सरकार मीटरचं धा हजार तुकडं करून वार मोजतंय, आन् ह्यो शेठ अख्खी वीत खातोय.” त्या दिवसापासून गल्लीत ज्याला त्याला त्यांनी तो आकडा ऐकवला. शेजारच्या आजींना तर तो स्तोत्रासारखा पाठ झाला.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारी लुगडं परत घेऊन आली. भाताच्या लावणीला वाकलं की कासोटा सुटतो म्हणाली, चारचौघांत लाज गेली म्हणाली. मीही तेव्हा दुकानात होतो, मामांनीच बोलावलं होतं. शेठनी तिला कायदा सांगायला सुरुवात केली तसे मामा म्हणाले, “कायदा आमचा भाचा सांगंल.” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कागद माझ्या खिशात होता. शेठ हसून म्हणाले, “बोला की, कॉलेजवालं. आठ मीटर म्हंजे नऊ वार, व्हय का न्हाय?” खिशातला कागद बाहेर न काढताच मी म्हणालो, “साधारण... तेवढंच होतं.”

दुकान हसलं. म्हातारी लुगडं काखोटीला मारून निघून गेली. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गज पुसला, कोपऱ्यात उभा केला, चपला घातल्या. पुन्हा ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, “पोरगं भिडस्त हाय, आक्का. रागं भरू नगंस.” त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे ते वडगावला लेकीकडे राहायला गेले.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून आईला लुगडं घ्यायला दुसऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, साधारण नऊवारीच आहे. मी मोजायला लावलं. आठ मीटर भरलं. मी ती ओळ खणखणीत म्हणून दाखवली, आकड्यासकट. “बरं बरं, पावणं, वरडताय कशाला?” म्हणत त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं. चौथं आठ मीटर तेवीस सेंटिमीटर, म्हणजे पुरं नऊ वार भरलं. ते घेऊन घरी न जाता मी आधी वडगावला गेलो.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लुगडं मांडीवर घेऊन त्यांनी काठाकाठाने वीत टाकायला सुरुवात केली. वार झाला की थांबायचे, आकडा पुटपुटायचे. वीत पूर्वीसारखी ताणली जात नव्हती. छत्तीस विती, म्हणजे नऊ वार झाले, तरी हातभर कापड उरलं. ते बराच वेळ बोटांत चाचपत राहिले. मग त्यांनी लुगड्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“साधारण बरोबर हाय,” मामा म्हणाले.